पेटीवरची नवी बाई

क्लीव्हलंड, अमेरिका
१६ मार्च १९८३

प्रिय रत्ना,
तुझ्या अक्काचा प्रभूमध्ये सलाम.

आठवतं का, शनिवारी आपण दोघी चर्चमधल्या सतरंज्या झटकायचो आणि शिंकता शिंकता हसत सुटायचो?

मी लेकीकडे सुखरूप आहे. इथल्या एपिस्कोपल चर्चमधली माणसं मायेची आहेत. पहिल्या रविवारी मी आपल्या सवयीने दारातच बूट काढले आणि मोज्यांवर आत गेले. कुणी हसलं नाही. पुढच्या रविवारी माझ्या बुटांशेजारी आणखी तीन जोड होते. त्यातला एक ऐंशीच्या म्हातारीचा. म्हणाली, "तू एकटीच कशाला बिनबुटांची?"

तरी तुझं पत्र वाचलं आणि ताट बाजूला सारलं. लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, साहेबांच्या बायका चर्चला येऊ लागल्या, हे चांगलंच. पण त्यातली एक माझ्या पेटीवर बसते, आणि तू लिहितेस, "अक्का, बाई लई गोड वाजवती." मी वीस वर्षं वाजवली, तेव्हा एकदाही गोड म्हणाली नाहीस.

चर्चच्या विहिरीला पाणी आहे का? टँकर आला तर तू घागर उचलू नकोस, तुझे गुडघे दुखतात.

इथले सायमनभाऊ लातूरला येत आहेत, त्यांच्याकडे पार्सल दिलंय. स्वेटर आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांना, लोकरीची शाल तुला. माझी चालींची वही त्या बाईंना दे. पेटीची दुसरी काळी पट्टी अडकते, ती नखाने वर उचलावी लागते, हे मात्र त्यांना सांगू नकोस.

बरं, सांग. भर उपासनेत गाणं अडायला नको.

तुझीच,
अक्का