मालक नाही म्हणतात

सोमवार, ५ जानेवारी

सायलीच जिंकणार! आजच लिहून ठेवते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको.

समोरच्या घरातली सायली टीव्हीवरच्या ‘सुरांची चावडी’च्या शेवटच्या फेरीत पोचली. बाकीची मुलं गातात बरी, पण ओळ संपायच्या आत त्यांचा श्वास संपतो. हिचा दम शाळेच्या मैदानावर कबड्डी खेळून कमावलेला. परीक्षकांना यातलं काही कळत नाही. ते आधी रडतात, मग गुण देतात. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर फिलोमिना प्रार्थनेत कोणी डोळे पुसले तरी पियानो थांबवायच्या. “रडायचं असेल तर बाहेर. इथे गायचं.” किती खरं!

सायली आमच्या कबड्डी टीमचंही गाणं गाते, थेरगावातल्या प्रत्येक मॅचच्या आधी. टीम पूर्वी ‘पवना वाघ’ होती. निमिषशेठनं ती विकत घेतली आणि वाघांचे ‘पँथर्स’ झाले. केशरी जर्सी गेली, निळी आली. माझा नवरा सुरेंद्र असता तर टीव्हीवर उशी फेकली असती त्यानं. माझं मत पक्कं आहे — मालकानं पहिल्या रांगेत बसावं, टाळ्या वाजवाव्यात आणि गप्प राहावं. हा तर मध्येच उठून कोचच्या कानाशी लागतो!

मंगळवार, ६ जानेवारी

कुसुमताई, सायलीची आई, दळण घेऊन येताना फाटकाशी भेटल्या. तोंड उतरलेलं. शनिवारी मुंबईला शूटिंग. आणि शनिवारीच इथे पँथर्सची मॅच.

“न्हाई जायची सायली. मालक न्हाई म्हणत्यात.”

“असं कसं नाही म्हणतात?”

“त्यांच्यापुढं कोण बोलणार, वहिनी?”

मी बोलेन! पोरगी काय लिलावात घेतलेली खेळाडू आहे?

बुधवार, ७ जानेवारी

झोप नाही. काय काय बोलायचं ते मनात ठरवत होते. भरपूर आहे.

गुरुवार, ८ जानेवारी

कुरुळीला जाऊन आले, निमिषशेठच्या कंपनीत. फाटकावरच्या माणसाला “टीमच्या गाण्याचं काम आहे” म्हटलं, त्यानं सरळ आत सोडलं. शेठ म्हणजे कोवळा पोरगाच निघाला. “काकू, बसा ना. चहा?”

मी बसले नाही. उभ्यानंच सुनावलं. टीम घेतली म्हणजे माणसं घेतली नाहीत, कोणाचा गळा असा एका शनिवारसाठी अडकवून ठेवता येत नाही... ओघात वाघांचंही काढलं, निळ्या जर्सीचंही.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. “पण काकू, मी कुठे नाही म्हणालो? शनिवारी तिचं रेकॉर्ड केलेलं गाणं लावतोय आम्ही. मीच म्हटलं, तू मुंबईला जा, इथलं बघू. आणि निळा मलाही नव्हता हवा. बायको म्हणाली, निळाच.”

मी बसले. चहा घेतला. चांगला होता.

शुक्रवार, ९ जानेवारी

सकाळीच कुसुमताईंकडे गेले आणि झालं ते सांगितलं. त्या पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या.

“अवो वहिनी, मालक म्हंजी आमचं मालक! घरचं! सायलीचं पप्पा!”

या गल्लीत माझे केस पांढरे झाले, आणि तरीही! माझ्या डोक्यात मालक म्हणजे ज्यानं काहीतरी विकत घेतलंय तो. नवऱ्याला मालक म्हणतात हे ऐकलं होतं, पण वेळेवर आठवेल तर ना.

हसून झाल्यावर खरं काय ते कळलं. चॅनेलची माणसं घरी आली होती. तीन मजली घर बघून हिरमुसली. मग मागच्या जुन्या गोठ्यात तीन विटांची चूल मांडली, कुसुमताईंना तिच्यापुढे बसवलं — “थोडं डोळ्यांत पाणी आणा ना, मावशी.” तेवढ्यात हे मालक, रणजीतराव, आले. “आमच्याकडं दोन गॅस हायत. वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू हायत. कुणाची गरिबी दाखवताय?” माणसं बाहेर, आणि मुंबई बंद.

रणजीतराव बरोबर आहेत! मी तर विटासुद्धा उचलून बाहेर टाकल्या असत्या. पण त्याची शिक्षा सायलीला का? ती बिचारी दार लावून बसली आहे. रियाज नाही, काही नाही.

“बोला त्यांच्याशी,” मी म्हटलं.

“कशी बोलू? ‘अवो’ म्हटलं की टीव्हीचा आवाज वाढवत्यात.”

“मग नावानं हाक मारा.”

“अगंबाई! लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. तुमचं बरं हुतं. भाऊजींना गॅलरीतनं नावानं हाका मारायचा. समदी गल्ली हसायची.”

हसायची? मला कधी कळलंच नाही. सुरेंद्रला नक्की कळलं असणार. तरी दर वेळी खालून हात हलवायचा, पिशवीसकट.

तो गेल्यापासून ते नाव मोठ्यानं घेतलंच नव्हतं. घरी आले, गॅलरीत उभी राहिले आणि घेतलं. सुरेंद्र! कठड्यावरची कबुतरं उडाली. समोर कुसुमताई वाळत घातलेलं धुणं काढत होत्या. हात थांबला त्यांचा.

शनिवार, १० जानेवारी

चहा गाळत होते. समोरून हाक आली, थेट डांगे चौकापर्यंत जाईल अशी —

“रणजीत! गाडी काढा! मुंबईला उशीर हुतोय!”

नाव घेतलं, पण ‘काढा’च म्हणाल्या. गल्लीत कोणी हसलं नाही. गाडी सुरू झाली.