शेरूची साखळी

शेरूसारखा दांडगा कुत्रा मले न इचारता तुनं लोधीखेडा गावाले देऊन टाकला, अन् बदल्यात हे कापसाचं बोंड आणून ठेवलं! संत्र्याच्या बगीच्यात येणारी रानडुकरं याले पाहून हसतीन.

चि. प्रफुल्ल, आशीर्वाद.

शेरूनं ओढलं अन् माहा हात मोडला, हे खरं. पन या घरात सासऱ्याच्या काळापासून मोठेच कुत्रे. म्हणून तुले फोनवर सांगितलं, रविवारी ये अन् हे पामेरियन घेऊन जा.

काल याच्या गळ्यात शेरूची साखळी घातली. दुसरं टोक खुंट्याले बांधलंच नाही. म्हटलं, साखळीच्या वजनानंच हे बसून राहीन. अन् मी बगीच्यात गेली. थोड्या वेळानं मागं खळखळ वाजलं. पाहते तं काय, साखळी ओढत हे येऊन राहिलं! जराशी ओढे, बसे, धापा टाके, पुन्हा उठे. घरापासून माह्या पायापर्यंत चिखलात लांबच लांब रेघ.

मी तिथंच खाली बसली. हात ठेवला तं सारं कुत्रंच धडधडून राहिलं होतं. एवढुशा जिवात एवढं बळ कुठून येत असन रे? असं माह्याकडं कोनी आलं नाही. तू तं चारचाकीनं बी येत नाही.

कुत्रं आता तुले भेटनार नाही, ते इथंच राहीन. हे पत्र टाकाचं का नाही, अजून ठरलं नाही. टाकलंच, तं उत्तर तुह्या बायकोनं, डिंपलनं लिहावं, याले काय चारतेत ते. तू लिहू नको. तुले तुह्या लेकरायचं बी माहीत नसते.

तुही माय,
वच्छला