काका म्हणायची अट

काका,

तुम्ही माझे वडील, आणि आईशी तुमचं लग्न झालेलं नव्हतं. एवढं एक वाक्य लिहायला मला सत्तरी गाठावी लागली. तुम्ही शिलेदारांच्या घरातले, आई दरबारच्या पुरोहितांच्या घरातली, आणि आजोबा आपलं सोवळं तुमच्यासाठी सैल करणं शक्यच नव्हतं. तरी मी झाले. ग्वाल्हेरच्या माधवगंजातल्या आजोबांच्या घरात मी सगळ्यांची होते, फक्त तुमची नव्हते. माझ्या आठवणीत तुम्ही पहिल्यांदा येता ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी, सायकल धरून उभे. आजोबा खिडकी लावून घेतात. तो माणूस कोण, असं मी स्वयंपाकघरात जाऊन विचारते आणि आई पोळी लाटता लाटता थांबते. "तुझे वडील," ती म्हणते, पण इतकं हळू, की ते मी झोपेत ऐकलं असं मला कित्येक दिवस वाटत होतं.

संस्थान विलीन झालं त्याच सुमाराला तुम्ही कोर्टात गेलात. मागणी एवढीच, की मुलीला भेटू द्या. दरबार होता तोवर दरबारात अर्ज करता आला असता. आता जुने कायदे गेलेले, नवे पुरते आलेले नाहीत. लग्नाशिवायच्या बापाला असा काही हक्क आहे का, हे कुठल्या पुस्तकात बघायचं यावरच दोन्ही वकिलांचं घोडं अडलं. शेवटी न्यायाधीशांनी तुम्हाला आणि आजोबांना समोरासमोर बसवून तडजोड करायला लावली. रविवारी दुपारी भेटायचं ठरलं. आजोबांनी एकच अट घातली, मुलगी यांना काका म्हणेल, बाबा म्हणणार नाही. न्यायाधीश हिंदीभाषक. त्यांनी विचारलं, "काका, यानी चाचा?" आजोबा म्हणाले, "जी, चाचा." आणि तुम्ही चक्क हसलात, लगेच "मंजूर" म्हणालात. मागे बसलेल्या आईच्या ते हसणं जिव्हारी लागलं. बाप म्हणवून घ्यायचं इतक्या सहज कोणी सोडतं का, हे ती मला पुढे अनेकदा बोलून दाखवायची. आजोबा मात्र त्या दिवशी घरी येऊन पोटभर जेवले.

मग कंपू भागातली तुमची खोली. ती मला अजून स्वप्नात दिसते, आणि स्वप्नात तिथे नेहमी थंडीच असते. खिडकीतून ऊन येतं, स्टोव्ह फरफरतो, तुम्ही माझ्यासाठी शिरा करता आणि तो हमखास खाली लागतो. तुम्ही वरवरचा मला वाढता, करपलेला स्वतः खरवडून खाता आणि म्हणता, "हा खरा शिरा, तुला मोठी झाल्यावर देईन." थंडीच का, तर तुम्ही सचिवालयात कारकून. मध्यभारताचं सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. फायलींबरोबर तुम्हीही जायचात. वडील ही गोष्ट उन्हाळ्यात इंदूरला नेतात, असंच मी धरून चालले होते. शाळेत एका मैत्रिणीला मी विचारलंही, तुझे कधी जातात? ती म्हणाली, कुठे?

तुम्ही मला एकदाच रागावलात. टांगेवाल्याने विचारलं, "बिटिया, ये कौन लगते हैं?" मी शहाण्यासारखं सांगितलं, "मेरे चाचा हैं." तुम्ही टांगा थांबवायला लावलात. "चाचा नाही. काका. हिंदीत बोललीस तरी काकाच म्हणायचं, समजलं?" मी रडायला लागले, तुम्ही तिळाची गजक घेऊन दिलीत, पण शब्द काही मागे घेतला नाहीत. चाचा काय आणि काका काय, दोन्ही सारखंच ना! मला वाटलं, अट पाळायची म्हणून तुम्ही आजोबांपेक्षाही कडक झालात. फार वाईट वाटलं होतं मला तेव्हा.

पुढे राज्यांची पुनर्रचना झाली आणि सगळी कचेरी भोपाळला निघाली. आई मला स्टेशनवर घेऊन आली. फलाटावर पेट्याच पेट्या, रडणाऱ्या बायका, इंजिनाची वाफ, आणि त्या वाफेत तुम्ही दिसता, नाहीसे होता, पुन्हा दिसता. मी अंथरुणात कितीतरी दिवस एक शब्द घोकून ठेवला होता. गाडी हलली. तुम्ही दारात पाठमोरे, आत कुणाला तरी पेटी सरकवायला सांगत होतात. मी सगळा जीव एकवटून ओरडले, "बाबा!" शेजारच्या खिडकीतल्या एका अनोळखी माणसाने वळून पाहिलं. तुम्ही नाही. भोपाळला दुसऱ्याच हिवाळ्यात तुम्ही तापाने गेलात. तुम्हाला ऐकू आलं होतं आणि तरी तुम्ही वळला नाहीत, हे मी जन्मभर पोटात घेऊन हिंडले.

गेल्या महिन्यात ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरममध्ये तुमच्या धाकट्या भावाच्या बायकोला भेटले. काकू आता खूप थकल्यात. पहिलीच भेट आमची. आम्ही बोलत असताना आतून एक मुलगा ओरडला, "काका, स्कूटर की चाबी कहाँ रख दी?" "फ्रिज पर देख," अंगणातून काकूंचा मुलगा म्हणाला. मी विचारलं, हा पुतण्या का? काकू हसल्या. "पुतण्या कसा? मुलगाच आहे त्याचा. आमच्याकडे बापाला काकाच बोलतात ना! एकत्र घर होतं, थोरल्याची मुलं धाकट्यांना काका बोलायची, तर सगळेच बोलायला लागले. तुझ्या बापाने पण आपल्या वडिलांना जन्मभर काकाच म्हटलं. बाबा आमच्या घरात कोणी कोणाला बोलतच नाही." मग माझा हात धरून म्हणाल्या, "तू काय बोलायची गं त्याला?"

दर रविवारी, शिरा खाताना, सायकलच्या दांडीवर बसून, हाक मारताना आणि हट्ट करताना, मी तुम्हाला तेच तर म्हणत होते. आजोबांना कळलं नाही, आईला कळलं नाही, आणि तुम्हीही जपून कोणाला कळू दिलं नाहीत. कळलं असतं तर अट बदलली असती.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगते. वर आधी मी "बाबा" असं लिहिलं होतं. त्या हाकेला तुम्ही याही वेळी वळणार नाही असं वाटलं, म्हणून ते खोडलं आणि काका लिहिलं.