फटफटीला कुलूप घालू नये

मी, देवकाबाई बेवा दुधराम लंजे, वय सुमारे बावन्न, धंदा शेती, राहणार केशोरी, तहसील साकोली, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र माझ्या ओसरीवर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गूळही लावलेला नाही. शाळेत गेले नाही, पंचांगावर बोट फिरवून वाचायला शिकले, तेव्हा भाषा साधी आहे. मूलबाळ नाही. मालक सव्वा वर्षापूर्वी गेले. म्हणून माझ्यामागे काय कोणाचे, ते मीच सांगून ठेवते.

१. राहते घर, गोठा आणि तलावाखालची धानाची मोठी बांधी माझे दीर शालीकराम यांना द्यावी. त्यांनी मला कधी उपाशी ठेवले नाही आणि कधी शांतपणे जेवूही दिले नाही. दोन्ही खरे आहे. शेताच्या धुऱ्यावरचे मोहाचे झाड मात्र तोडू नये.

२. पितळी भांडी शेजारीण अनुसयाबाई हिला द्यावीत. त्यांतली मोठी परात तिचीच आहे. ती आधी परत करावी, मग बाकीची दान म्हणून द्यावीत, नाहीतर ती वर येऊन माझ्याशी भांडेल.

३. आता फटफटी. हे कलम लांब आहे. बाकीचे सारे मी न लिहिताही वाटले गेले असते.

छप्पन साली दिवाळीनंतर ती मद्रासहून रेल्वेने गोंदियाला आली. आम्ही दोघेही आणायला गेलो होतो. मालधक्क्यावर लाकडी खोक्याच्या फळ्या उचकटल्या आणि आतून जे निघाले ते पाहून मी डोक्यावर पदर घेतला, देवळात घेतात तसा. काळीभोर, टाकीवर सोनेरी रेघ, चाकाच्या एकेका तारेत एकेक सूर्य. मालकांनी हात लावण्याआधी दोन्ही हात धोतराला पुसले. तिथल्याच चुन्नीलाल मिस्त्रीच्या आवारात दोन दिवस शिकले आणि तिसऱ्या दिवशी मला मागे बसवून केशोरीला निघाले.

बैलगाडीतून जाताना वाटेवरचा माणूस "कुठी चालले?" विचारतो, आपण सांगतो, घरच्यांची खुशाली होते. त्या दिवशी लोकांनी विचारले तेव्हा आम्ही पुढच्या गावात होतो. देवळातला नगारा माझ्याच पोटात वाजत असल्यासारखे वाटत होते. दूर हा शब्द माणसाने बैलांच्या पायांवरून ठरवला आहे, हे मला त्या दिवशी कळले. मी घाबरले नाही. नवल इतके होते की भीतीला जागा उरली नाही.

मग मालकांनी तिला आपल्या मनासारखी केली. सगळी कामे मनिराम लोहाराने केली. पाठ ताठ ठेवून बसता यावे म्हणून हँडल उंच आणि रुंद केले, बैलाच्या शिंगांसारखे. माझे लुगडे चाकात जाऊ नये म्हणून डाव्या बाजूला लोखंडी जाळी बसवली आणि पाय टेकायला पायदान. आमचे पूर्वज तलाव बांधणारे, म्हणून टाकीच्या दोन्ही अंगांना तलाव रंगवला, पाळीसकट. दिव्याखाली बैलाची घुंगुरमाळ. टाकीखाली एक छोटा नळ होता. मालक म्हणाले, "नथ नसलेल्या नाकावानी दिसते." म्हणून मनिरामकडून त्यावर कमळाचा पितळी पत्रा बसवून घेतला. खालून दोन बोटे जातील एवढीच जागा ठेवली. ती बोटे फक्त मालकांची. नळ कशाचा आहे हे मनिरामनेही विचारले नाही, आणि मालकांनी सांगितले नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकतात. सत्तावन्नच्या पोळ्याला मालक पळसाचे पान घेऊन फटफटीभोवती फिरले. "देवका, हिचा खांदा कुठी आहे?" मी म्हटले, "जोर जेथी लागते तेथी." आम्ही दोघांनी चाकांच्या मधल्या डब्यांत पावशेर तूप जिरवले. ब्रेक त्याच डब्यांत असतो हे दुसऱ्या दिवशी समजले. पोळ्याच्या तोरणापाशी बैल थांबले, फटफटी थांबली नाही. मालकांसकट सरळ बोडीच्या पाण्यात गेली. शालीकराम पाळीवरून म्हणाले, "दादा, बैलाले तहान लागली वाटते." गाव अजून हसते. मीही हसले होते, हे मालकांना शेवटपर्यंत सांगितले नाही.

तिला कोणी हात लावलेला मालकांना खपत नसे. मलाही नाही. बायका जवळ आल्या की मी म्हणे, "दूर व्हा, डाग पडते." रोज चाकाला साखळी आणि कुलूप. किल्ली मालकांच्या करदोड्याला.

त्याच वर्षी मार्गशीर्षात, सकाळी धानाचा भारा उचलताना मालकांना साप चावला. अर्जुनीचा दवाखाना फटफटीने पाऊण तासावर. करदोड्याची किल्ली मी काढली, कुलूप मी उघडले. मनिराम धावत आला आणि किक मारू लागला. घामाने भिजला. "बाई, उठूनच नाही राहिली." मालकांची जीभ जड झाली होती. त्यांनी हात उचलून टाकीकडे बोट दाखवले. पुन्हा दाखवले. मला वाटले, फटफटी जपायला सांगत आहेत. मी पदराने टाकी पुसली. पुसून त्यांच्याकडे पाहिले तेव्हा ते माझ्याकडेच पाहत होते.

मग गाडीला बैल जुंपले. अर्ध्या वाटेवर मालक गेले.

पुढच्या महिन्यात गोंदियाहून चुन्नीलाल मिस्त्री आला. खाली वाकला, पत्र्याखाली दोन बोटे घातली आणि म्हणाला, "बाई, इसका तो पेट्रोल का नल बंद है." एका किकेत चालू झाली. तोच नगारा. इतके काही झाल्यावरही तो आवाज मला सुंदर वाटला, हे लिहिताना लाज वाटते, पण खोटे लिहिणार नाही.

शालीकरामांनी पुन्हा साखळी घातली. "वयनी, दादाची निशानी होय. कायले कोणाचा हात लागू देता?" मी म्हटले, "हात लागू देला असता त निशानी कायले, माणूसच राहिला असता." तिसऱ्या दिवशी साखळी त्यांनी स्वतः काढून दिली. मनिरामने तिचे दोन विळे केले. एक शालीकरामांकडे आहे.

४. फटफटी मनिराम लोहाराच्या ताब्यात द्यावी. तो चालवायला शिकला आहे. त्याने दर वर्षी पोळ्याआधी गावातल्या आणखी दोघांना शिकवावे, जात आणि भांडण न पाहता. हँडल, जाळी, पायदान, रंगवलेला तलाव आणि घुंगरे जशीच्या तशी ठेवावीत. त्यांनी कोणाचे वाईट केले नाही. मागची जागा कधी काढू नये. आजारी माणसाला किंवा अडलेल्या बाईला नाही म्हणू नये. विकू नये. ब्रेकला तूप लावू नये.

५. कमळाचा पत्रा मी काढून देव्हाऱ्यात ठेवला आहे. तो माझ्याबरोबर चितेवर ठेवावा.

६. हे शेवटचे कलम माझ्या तेराव्याला ओसरीवर मोठ्याने वाचावे. बायकांना पुढे बसवावे.

आधी टाकीखालचा नळ उघडावा. मग त्याखालची बारीक घुंडी पेट्रोल ओले दिसेपर्यंत दाबावी. गिअर सुटा आहे ना, ते गाडी ढकलून पाहावे. डाव्या हाताजवळचा छोटा दांडा दाबून किक हळू खाली न्यावी. दांडा सोडावा, किक वर येऊ द्यावी, मग अंगाचे सारे वजन टाकून एकदाच मारावी. मागे बसलेल्याचे लुगडे, धोतर जाळीच्या आत चाकाकडे गेले नाही ना, ते पाहावे आणि निघावे. परत आल्यावर नळ बंद करावा, आणि तो कुठे आहे ते जवळ उभ्या असलेल्या कोणालाही दाखवावे.

वर लिहिलेले मी दोनदा वाचले, बरोबर आहे.

सही : देवकाबाई दुधराम लंजे

आमच्यासमोर सही केली :
१. केवलराम, शाळामास्तर, केशोरी
२. यशोदाबाई, सुईण, केशोरी (डाव्या अंगठ्याची निशाणी. नळ हिला दाखवला आहे.)

मुक्काम केशोरी, ता. १७ मार्च १९५९