टर्बोला लावलेली नळी

घाटकोपर, रविवार संध्याकाळ, मार्च १९८७

गाडीचा जोर वाढवायला इंजिनावर बसवलेल्या टर्बोला थंड ठेवणारं पाणी नेणारी नळी कशाची घ्यायची, यावर माझा आणि सुहासचा, माझ्या धाकट्या भावाचा, आठवडाभर वाद. मी तांब्याची म्हणत होतो, तो रबराची. आज दुपारी मला न विचारता त्याने बसवूनच टाकली आणि मला फेरीला घेऊन गेला. विक्रोळीही आली नव्हती, बॉनेटमधून वाफ. उघडून बघतो तर फुटलेली नळी हिरवी. आमच्या स्वयंपाकघरातली, गॅसची.

“दादा, ती रोज जाळाजवळच असते ना. वाटलं, सोसेल.”

ह्याला काय म्हणायचं? मग एकदम डोक्यात आलं. “घरी शेगडीला काय लावलंयस?”

“गाडीची जुनी. बरी होती रे.”

बरी? तेलाने फुगलेली, चिरा पडलेली. गाडी तिथेच सोडून रिक्षाने घरी आलो. आई ओट्यापाशी, हातात काडेपेटी. ती हिसकावली, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. हिरवी नळी अजून माझ्या दुसऱ्या हातातच.

आई म्हणाली, “दुपारपासून वास येतोय खरा. मला वाटलं, तुमच्या गॅरेजच्या कपड्यांचा.”