मनगट माझं, मर्जी माझी

३ जानेवारी
उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येऊन राहिल्या. कारण सापडलं: मोबाईल. आजपासून मोबाईल डाव्या हातात. बावीस वर्षं सानगडीत बॅटऱ्या दुरुस्त करतो. बिघाड शोधणं मला शिकवायची गरज नाही.

७ जानेवारी
डाव्या हातालाही मुंग्या. म्हणजे मोबाईलच. सिद्ध झालं.

११ जानेवारी, दुपारी
दुकानामागच्या भट्टीवर जुन्या बॅटऱ्यांच्या प्लेटांचं शिसं वितळवत होतो. पळी भरून उचलली आणि मनगट खाली पडलं. सगळं शिसं जमिनीवर. पळी जड आहे. हलकी करून घेणार. चंद्रकांता म्हणाली, "पळी तेच हाये जी, हात तुमचा बदलला." बायकोला यांत्रिक गोष्टी कळत नाहीत.

१४ जानेवारी
तृप्ती आली. मुलगी भंडाऱ्यात नर्सिंग शिकते, त्यामुळे चप्पल काढायच्या आधी माझी तपासणी. म्हणे, शिशाचा धूर नि भुकटी श्वासातून, जेवणातून अंगात जाते, हाडांत साचते, हातापायाच्या नसा खराब करते. "बाबा, हात न धुता डबा खाता ना?" मी म्हटलं, "मी शिसं खाऊन राहिलो का? भात खातो!" ती उठून बाहेर गेली. मुद्दा जिंकला.
मग कळलं, ती फोनवर डॉक्टरची वेळ घेत होती.

१५ जानेवारी
संकल्प: रोज दूध-गूळ. गुळानं शिसं बाहेर पडतं. कोणी सांगितलं आठवत नाही, पण खात्रीचा माणूस होता.

२० जानेवारी
पाच दिवस पोट साफ नाही. वर कळा. शिसं निघायच्या तयारीत असावं.

२६ जानेवारी
व्यापारी मंडळाचा अध्यक्ष म्हणून झेंड्याला सलामी. हात कपाळापर्यंत गेला, पंजा नाकासमोर लोंबला. शाळेची पोरं हसली. केशवराव गुरुजी कानात म्हणाले, "टेकचंद, माशी हाकलून राहिला का बे?" राजीनामा देणार नाही. पुढच्या वर्षी डाव्या हातानं सलामी.

२ फेब्रुवारी
भंडारा. डॉक्टर म्हणाले, मनगट वर करा. मी म्हटलं, मनात येईल तेव्हा करीन. मनात आलं होतं, मनगटात नाही. मग नसांना करंट देऊन तपासलं. बॅटरीवाल्याला करंट! दोघांचं रक्त घेतलं. चंद्रकांताला उगाच सुई टोचली, तृप्तीचा हट्ट.

६ फेब्रुवारी
रिपोर्ट. माझ्या रक्तात शिसं अडुसष्ट. पाचच्या आत पाहिजे. डॉक्टर म्हणाले, भट्टी बंद करा, औषध घ्या, तरच हात हळूहळू सुधारेल. मी ठणकावलं: शरीर माझं, भट्टी माझी. फार छान बोललो.
मग त्यांनी दुसरा कागद काढला. चंद्रकांता: सत्तेचाळीस.
भट्टीला वारा तीच घालते. माझे कपडे तीच धुते. तीन महिन्यांपासून तिचे तळपाय बधिर आहेत. विचारलं, सांगितलं काहून नाही?
"तुमी रोज म्हणत होते, याच्यानं काही होत नाही. मले वाटलं, मंग मलेही नाही होत."


८ फेब्रुवारी
भट्टी फोडायला गेलो. हातोडा उचलवेना. भुकटी उडू नये म्हणून तृप्तीनं आधी सगळं ओलं करायला लावलं, आईच्या तोंडाला मास्क बांधला. चंद्रकांतानं चार घावांत फोडली.
मी पाणी टाकत होतो. तेवढं जमलं.