पहिल्या टेबलाखाली

सोमवार

पोचले एकदाची! बसमधून उतरते न उतरते तोच क्लबच्या सेक्रेटरींनी हातातली बॅग ओढूनच घेतली. राहायची सोय त्यांच्या बहिणीकडे, क्लबला भिंतीला भिंत लागून. सगळं गाव त्यांना मावशी म्हणतं, म्हणून मीही. वरची खोली माझी. स्वच्छ चादर, खिडकीपाशी टेबल, नळाला गरम पाणी. आईला फोन केला. म्हटलं, बुद्धिबळात कोण चोरून कॉम्प्युटरची मदत घेतं ते शोधायला आलेय आणि इथे माझी जावयासारखी बडदास्त चाललीय. ती म्हणाली, फार लाडावू नकोस.

मंगळवार

जुने डाव कॉम्प्युटरला दाखवायचे आणि खेळाडूची खेळी कॉम्प्युटरच्या पहिल्या पसंतीशी कितीदा जुळते ते मोजायचं, हे माझं काम. चांगल्यातला चांगला खेळाडू शंभरात पन्नास-साठदा जुळतो. इथे पहिल्या टेबलावर दातांचे डॉक्टर बसतात. ते जुळतात ब्याण्णवदा! बाहेरगावी मात्र हेच गृहस्थ उंट फुकट देऊन येतात. सहा वर्षांत या हॉलमध्ये क्लब फक्त दोनदा हरलाय, तेही याच महिन्यात.

संध्याकाळी त्यांचे कान, घड्याळ, बूट तपासले. काही नाही. डॉक्टरांनी आपणहून आ वासला, म्हणाले, दाढाही बघून घ्या. हॉल खो खो हसला. मीही हसले.

गुरुवार

काल सेक्रेटरींना स्पष्ट सांगितलं, डॉक्टरांवर माझा संशय आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, या गावाकडे दुसरं आहे काय?"

आज दुकानदाराने दूध संपलं म्हणून सांगितलं. मागे फ्रीजमध्ये पिशव्या दिसत होत्या. दोरीवरचे माझे कपडे चिखलात पडलेले, त्यावर बुटांचे ठसे. मावशी चहाचा कप आदळून जातात. असू दे. लोकांना आवडावं म्हणून कुणी हे काम करत नाही.

शनिवार

सापडलं!

सामना चालू असताना पेन पडल्याचं निमित्त करून वाकले. डॉक्टरांनी डावा बूट काढला होता. मोज्यातलं पाऊल भिंतीलगतच्या गरम पाण्याच्या पाइपवर. दोन टेबलं सोडून मी त्याच पाइपला तळहात लावला. ठोके येत होते. तीन. मग थांबून पाच. पटावर उभ्या रांगा आठ, आडव्या आठ. मिनिटाभराने डॉक्टरांनी घोडा उचलला आणि तिसऱ्या उभ्या रांगेतल्या पाचव्या घरात ठेवला. डाव नेटवर सगळ्यांना दिसतो, म्हणजे ठोके देणारा कुठेही बसून खेळी काढू शकतो. ओरडावंसं वाटलं आनंदाने.

मग पाइप कुठून येतो ते बघितलं. मावशींच्याच घरातून येतो.

डोकं वर केलं तर डॉक्टर माझ्याकडे बघत होते. सगळ्याच टेबलांवरचे बघत होते.

रविवार

मावशी बाजारात गेल्या. पाइपच्या मागे मागे गेले. स्वयंपाकघरामागे एक खोली, बाहेरून कडी. आत एक म्हातारा, समोर कॉम्प्युटर, हातात स्टीलचा चमचा. चादरीखाली पाय असून नसल्यासारखे.

त्याने माझं ओळखपत्र मागितलं. मग गादीखालून स्वतःचं काढलं. तोच शिक्का. बुद्धिबळ संघटनेचं तेच ऑफिस. माझ्याआधीच्या तपासनिसाने सहा वर्षांपूर्वी नोकरी सोडली, असं मला ऑफिसात सांगितलं होतं. तो हा.

पायांचं विचारलं. म्हणाला, डॉक्टरचा हात हलका आहे. मग स्वतःचा हात पुढे करून दाखवला. थरथरत होता. ठोके चुकायला लागलेत, म्हणाला, त्यामुळेच दोन सामने गेले.

ऑफिसने आपणहून तुला पाठवलं नाही, म्हणाला. नवा तपासनीस पाठवा म्हणून क्लबनेच पत्र लिहिलं.

"पोरी, आत्ताच जा. बॅग घेऊ नकोस."

वर आले. फोन टेबलावर चार्जिंगला होता. आता नाही.

सोमवार

सकाळी बसस्टँड. कंडक्टर म्हणाला, गाडी फुल्ल आहे. बस रिकामी होती. दुसरा म्हणाला, तोंड बघूनच तिकीट देतो, तुम्हाला देता येणार नाही. पोलिसाकडे गेले. तो चौथ्या टेबलावर खेळतो. माझी ही वही मागत होता. पळाले. चालतच गाव सोडायचं ठरवलं तर पुलावर सेक्रेटरी आणि आणखी सहाजण. दोन्ही बाजूंनी चालत मला घरापर्यंत आणून सोडलं.

मंगळवार

ती खोली उघडी. गादी अंगणात उन्हात. मावशींना विचारलं, ते कुठे आहेत. म्हणाल्या, कोण ते? कॉम्प्युटर पुसत होत्या. नवी गादी, नवी चादर घातली —

माझ्या खोलीतली उशी खाली नेली.

बुधवार

दाराला बाहेरून कडी. खिडकीखाली पाचव्या आणि सहाव्या टेबलावरचे खेळाडू उभे. वर बघून हात हलवतात.

हाका मारल्या. घसा बसेपर्यंत. समोरच्या घरांतल्या बायकांनी खिडक्या लावून घेतल्या. एकीने तेवढ्यात म्हटलं, शनिवारी सामना आहे, गप्प बस गं बाई —

दुपार. जिन्यावर पावलं. चार-पाच जण. डॉक्टरांची बॅग ओळखली. माझ्याच बेसिनमध्ये हात धुताहेत, कोपरापर्यंत. सेक्रेटरी दाराला पाठ लावून —

मी म्हटलं दोन ओळी लिहू द्या. मावशी हो म्हणाल्या, अगदी मायेने. माझी बोटं हातात घेऊन बघितली. डॉक्टरांना बजावताहेत की हातांना अजिबात धक्का लागता कामा नये. पायांबद्दल कुणीच काही —